सायलेंसरचा वास : काय सांगतो, काय लपवतो

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझी शाळा बारावीपर्यंत कॉन्व्हेंटची. मराठी घरी बोलले, पण लिहिलं ते परीक्षेपुरतंच. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. "मराठी विभागात सगळे कविताच पाठवतात, टेक्निकल कोणी लिहितच नाही," अशी संपादक मंडळाची तक्रार ऐकली आणि मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाची ही विद्यार्थिनी हिंमत करून बसली. विषय मात्र नाकाला रुमाल लावावा असा आहे : गाडीच्या सायलेंसरमधून येणारे विचित्र वास. हसू नका. या विषयाने मागच्या हिवाळ्यात आमच्या घरच्यांची झोप उडवली होती.

माझ्या मामांचं इतवारीत होलसेल किराण्याचं दुकान आहे. ज्यांनी इतवारी पाहिली नाही (आहेत आपल्या होस्टेलमध्ये असे लोक, दोन-दोन वर्षं नागपुरात राहून सीताबर्डीच्या पुढे गेले नाहीत!) त्यांच्यासाठी सांगते. नावाप्रमाणे हा मूळचा रविवारचा बाजार. इथे रस्त्यांना 'ओळ' म्हणतात. किराणा ओळीत शिरलं की हळद, धणे, मिरची, गूळ यांचा वास एकदमच अंगावर येतो. मामा मिरचीचं पोतं न उघडता माल जुना की नवा ते सांगतात. थोडक्यात, इतवारीच्या माणसाचं नाक तयार असतं. म्हणून तर मामांच्या गाडीचा वास सर्वात आधी शेजारच्या दुकानदारांना कळला.

गाडी जुनी, पेट्रोलची, बीएस-३ च्या काळातली. दिवाळीनंतर तिच्या मागून सडक्या अंड्यासारखा वास यायला लागला. शेजारचे शेठ पक्के शाकाहारी. ते म्हणाले, "भाऊ, आपल्या ओळीत अंडं येत नाही, अन् वास कुठून येऊन राहिला?" मामा गाडी घेऊन ओळखीच्या मिस्त्रीकडे गेले. त्याने खाली वाकून पाहिलं आणि निकाल दिला, "कॅटकॉन गेला भाऊ. नवा टाकाले लई खर्च लागते. काढूनच टाकतो, सीधा पाइप मारून देतो. पिकअप बी वाढते."

तासाभरात काम झालं. वास गेला, पिकअप वाढला, शेठ खूश, मामा खूश. पुढे काय झालं ते शेवटी सांगते. आधी थोडी थिअरी.

वास येतोच का?

पेट्रोल म्हणजे मुख्यतः हायड्रोकार्बन. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. ज्वलन पूर्ण झालं तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ बाहेर पडते, हवेतला नायट्रोजन तर बहुतेक जसाच्या तसा निघून जातो. या तिघांनाही वास नाही. म्हणजे सोपा नियम असा : सायलेंसरमधून वास आला तर काहीतरी अर्धवट जळलं आहे, किंवा जे आत जायला नको ते आत गेलं आहे.

प्रत्यक्षात ज्वलन शंभर टक्के पूर्ण कधीच होत नाही. म्हणून पेट्रोल गाडीच्या सायलेंसरच्या आधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवतात. मिस्त्री लोकांचा 'कॅटकॉन' तो हाच. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम या मौल्यवान धातूंचा अगदी पातळ थर. तो कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइड करतो, न जळलेलं इंधन जाळतो आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडचं पुन्हा नायट्रोजन करतो. आपल्या देशात १९९५ मध्ये चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल कारना तो सक्तीचा झाला. शिसं या धातूंचा थर निकामी करतं, म्हणून कन्व्हर्टरसोबत बिनशिशाचं पेट्रोल आणावं लागलं आणि २००० साली शिशाचं पेट्रोल देशभरातून बंद झालं.

कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापल्यावरच कामाला लागतो. म्हणून थंडीत सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिलं एखादं मिनिट पेट्रोलचा थोडा वास आला तर घाबरायचं कारण नाही. वास टिकून राहिला तर मात्र पुढे वाचा.

१. सडक्या अंड्याचा वास

हा हायड्रोजन सल्फाइडचा. अकरावीच्या केमिस्ट्री लॅबमधले आपले जुने मित्र! आपलं नाक या वायूच्या बाबतीत फार तिखट आहे, हवेच्या अब्ज भागांत त्याचे थोडे भाग असले तरी कळतं. पेट्रोलमध्ये थोडं गंधक असतं. ते जळून सल्फर डायऑक्साइड होतो आणि त्यातला काही भाग कन्व्हर्टरमध्ये साठून राहतो. इंजिनला पेट्रोल जास्त आणि हवा कमी मिळायला लागली, म्हणजे मिक्स्चर रिच झालं, की ऑक्सिजनच्या अभावी त्याच साठलेल्या गंधकाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होऊन बाहेर पडतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. वास कन्व्हर्टरमधून येतो, पण दोष बहुतेक वेळा त्याच्या आधी असतो. ऑक्सिजन सेन्सर आळशी झालेला असतो, इंजेक्टर गळत असतो किंवा पेट्रोलचं प्रेशर वाढलेलं असतो. असं बरेच दिवस चाललं तर कन्व्हर्टरही जातो. पण मूळ दोष तसाच ठेवून नवा कन्व्हर्टर टाकला तर तोही जाणार.

पूर्वी हा वास जास्त यायचा, कारण इंधनात गंधक जास्त होतं. बीएस-३ पेट्रोलमध्ये ते दहा लाखांत १५० भागांपर्यंत चालायचं. एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आलं तेव्हा मर्यादा ५० झाली आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये १०. म्हणजे आजच्या पेट्रोलवरही जर खच्चून वास येत असेल, तर ते पेट्रोलवर ढकलून मोकळं होता येत नाही, गाडी तपासायलाच हवी.

आणखी एक. वास मागून न येता बॉनेटकडून येत असेल तर बॅटरी पाहा. ओव्हरचार्ज होणाऱ्या लेड-ॲसिड बॅटरीलाही हाच वास येतो. अशा वेळी जवळ काडी ओढू नका, कारण तिथे हायड्रोजनही असतो.

२. कच्च्या पेट्रोलचा वास

म्हणजे सिलिंडरमध्ये गेलेलं पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय. एखादा स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइल काम करत नसेल तर गाडी 'मिसिंग' मारते, थरथरते आणि हा वास येतो. प्लग काढून पाहिला तर तो पेट्रोलने ओला दिसतो. एअर फिल्टर चोंदला असेल तर जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांमध्ये हेच होतं. बाइकवाल्यांनो, चोक ओढून तसाच ठेवून कॉलेजपर्यंत येता, तेव्हाही हेच!

मिसिंगकडे दुर्लक्ष महागात पडतं. सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल गरम कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तिथलं तापमान इतकं वाढतं की सिरॅमिकची जाळी वितळते. म्हणजे वेळेवर न बदललेला एक प्लग हजारोंचा कन्व्हर्टर घेऊन जातो.

३. गोडसर वास

गोड वास आला की आपल्याला बरं वाटतं, पण इथे तो वाईट बातमी आहे. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, त्याचा हा वास. हेड गॅस्केट फाटलं किंवा हेडला तडा गेला की कूलंट सिलिंडरमध्ये शिरतं आणि जळून पांढऱ्या धुरासोबत बाहेर पडतं. सकाळची पांढरी वाफ दोन-चार मिनिटांत थांबते, ती निव्वळ पाण्याची. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा, गोडसर धूर चालूच असेल, कूलंटची पातळी उतरत असेल, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसत असेल तर गाडी चालवू नका. टो करून न्या. गरम असताना रेडिएटरचं झाकण तर मुळीच उघडू नका.

आता नागपूरची गंमत. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि आपल्याकडे कितीतरी लोक कूलंटऐवजी नळाचं पाणी भरतात. त्याने आतून गंज चढतो, पाणी लवकर उकळतं हे तर आहेच. पण वासाच्या दृष्टीने नुकसान वेगळंच आहे. साध्या पाण्याला गोड वास नाही, म्हणून गॅस्केट गेलं तरी नाक काहीच सांगत नाही. इशारा देणारी वस्तूच आपण काढून टाकलेली असते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे परत लागेल.

४. जळक्या तेलाचा वास

घरी कढईत तेल जास्त तापल्यावर येतो तसा उग्र, घशाला लागणारा वास आणि सोबत निळसर धूर. म्हणजे इंजिन ऑइल पेट्रोलबरोबर जळतंय. इथे धूर कधी येतो ते पाहायचं. रात्रभर उभी गाडी सुरू केल्याबरोबर एक निळा लोट येऊन थांबला तर व्हॉल्व्हच्या सीलवर संशय घ्या. रेस दिली की निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंग झिजल्या, म्हणजे इंजिनचं काम निघालं. आणि वास आहे पण मागे निळा धूर नाही, असं असेल तर टॅपेट कव्हरचं गॅस्केट गळून ऑइलचे थेंब तापलेल्या मॅनिफोल्डवर पडत असतील. ते काम स्वस्तातलं आहे, पण आगीची भीती असते, म्हणून टाळायचं नाही.

५. रॉकेलचा वास

हा वास आता कमी झाला, पण आपल्या आईवडिलांना विचारा. रिक्षाच्या मागे स्कूटर लावली की डोळे चुरचुरायचे आणि स्टोव्ह पेटवल्यासारखा वास यायचा. कारण सरळ होतं : पेट्रोलमध्ये स्वस्त रॉकेल. रॉकेलचे घटक पेट्रोलपेक्षा जास्त तापमानाला उकळतात, म्हणून त्याची नीट वाफ होत नाही आणि ते अर्धवट जळतं. ऑक्टेन कमी असल्याने इंजिन नॉकिंग करतं, काजळी साठते. रेशनच्या रॉकेलला निळा रंग देतात तो हीच चोरी पकडता यावी म्हणून.

हा विषय नुसत्या इंजिनचा नाही. २५ जानेवारी २०११ ला, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ पानेवाडी इथे टँकरमधली तेलचोरी आणि भेसळ पकडायचा प्रयत्न केला. तिथेच त्यांना जिवंत जाळण्यात आलं. त्याआधी नोव्हेंबर २००५ मध्ये उत्तर प्रदेशात लखीमपूर खिरी इथे इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांची भेसळ करणाऱ्या पंपावर कारवाई केली म्हणून गोळ्या घालून हत्या झाली. ते आपल्यासारखेच इंजिनीअरिंग करून, पुढे एमबीए झालेले होते. वय फक्त २७. पंपावर आपल्याला संशय आला तर निदान एवढं करू शकतो : फिल्टर पेपर टेस्ट मागायची. तो ग्राहकाचा हक्क आहे, पंपावर कागद ठेवावाच लागतो. नोझलमधून एक थेंब कागदावर टाकायचा. शुद्ध पेट्रोल एक-दोन मिनिटांत डाग न ठेवता उडून जातं. तेलकट डाग राहिला तर तक्रार नोंदवायची. यासाठी आपल्याला कोणी गोळी घालणार नाही, फक्त मागचा माणूस हॉर्न वाजवेल.

६. नवीन पाहुणे : आंबट आणि अमोनिया

नागपूरने यात थोडा इतिहासही केला आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये आपल्या शहरात इथेनॉलवर धावणारी 'ग्रीन बस' सुरू झाली होती. पुढे ती सेवा बंद पडली. मी तेव्हा शाळेत होते, मला तिचा हिरवा रंग तेवढा आठवतो. पण इथेनॉल आता सगळ्यांच्याच टाकीत आलं आहे, पेट्रोलमध्ये ते २० टक्क्यांपर्यंत मिसळतात. इथेनॉल अर्धवट जळलं की ॲसिटाल्डिहाइड तयार होतं. त्याचा वास आंबूस, झोंबणारा असतो. इंजिन थंड असताना थोडा आला तर ठीक, गरम इंजिनलाही आला तर ज्वलन बिघडलं आहे.

नव्या बीएस-६ डिझेल बस-ट्रकच्या मागे कधी कधी अमोनियाचा, म्हणजे सार्वजनिक मुतारीसारखा वास येतो. नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करायला त्यांच्यात युरियाचं ३२.५ टक्क्यांचं द्रावण फवारतात. त्यापासून बनलेला अमोनिया पूर्ण वापरला गेला नाही की तो तसाच बाहेर येतो. म्हणजे युरियाचं प्रमाण किंवा त्या यंत्रणेचा कॅटॅलिस्ट तपासायला हवा.

७. ज्याला वासच नाही

आता मामांच्या गोष्टीचा उरलेला भाग.

डिसेंबरचा रविवार होता. मी होस्टेलवरून सकाळीच इतवारीत गेले. दुकानाच्या मागच्या गल्लीत मामांचं गोदाम आहे. थंडी म्हणून शटर जवळजवळ खाली ओढलेलं. गाडी रिव्हर्स करून आत घेतलेली, डिकीत माल भरणं चालू. बॅटरी कमजोर, बंद केली तर परत सुरू होणार नाही म्हणून इंजिन चालूच ठेवलेलं. मी पोचले तेव्हा माल भरणारा पोरगा पोत्यावर डोकं धरून बसला होता आणि मामा दाराशी ओकत होते. मामा म्हणाले, "काही नाही, रात्रीचं सावजी बाधलं."

पण सावजी तर फक्त मामांनी खाल्लं होतं, त्या पोराने नाही!

मी इंजिन बंद केलं, शटर पूर्ण वर केलं, दोघांना बाहेर आणलं आणि दवाखान्यात नेलं. तिथे ऑक्सिजन दिला. संध्याकाळपर्यंत दोघंही ठीक झाले. मामा पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "पण वास तर काहीच नव्हता ना!"

नव्हताच. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते आणि माणसाला वाटतं पित्त झालं.

रात्री होस्टेलवर येऊन मी हिशोब मांडला. तुम्हीही मांडून पाहा. १.२ लिटरचं इंजिन आयडलिंगला साधारण मिनिटाला १५० लिटर धूर सोडतं. मिक्स्चर रिच आणि कन्व्हर्टर नाही, तर त्यात ४ टक्के कार्बन मोनॉक्साइड धरू, म्हणजे मिनिटाला ६ लिटर. गोदाम ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद, ४ मीटर उंच, म्हणजे १,२०,००० लिटर हवा. वीस मिनिटांत १२० लिटर वायू, म्हणजे ०.१ टक्का. एवढ्या हवेत तास-दोन तास राहिलेला माणूस बेशुद्ध होतो, पुढे जीवही जाऊ शकतो. शटरच्या फटीने थोडी हवा येत होती आणि मी लवकर पोचले, एवढंच आमचं नशीब. बीएस-४ आणि त्यानंतरच्या गाडीला पीयूसीमध्ये मर्यादा ०.३ टक्क्यांची आहे. तो आकडा घालून बघा, उत्तर तेरा पटींनी कमी येतं. तरी बंद जागेत तीही गाडी चालू ठेवायची नाही, कारण कन्व्हर्टर थंड असेपर्यंत ०.३ चा भरवसा नाही.

आता सगळं जुळतं. सडक्या अंड्याचा वास सांगत होता की मिक्स्चर रिच आहे. आम्ही कन्व्हर्टर काढला, वास बंद झाला, मिक्स्चर रिचच राहिलं. इशारा देणारी आणि बचाव करणारी वस्तू एकच होती, तीच आम्ही भंगारात दिली. आणि तेही इतवारीत, जिथे दोन ओळी पलीकडे सराफ्यात प्लॅटिनम गुंजेवर तोलतात!

मी त्या मिस्त्रीला दोष देत नाही. आम्ही त्याला 'वास घालवा' असं सांगितलं, त्याने वास घालवला. 'वास का येतो?' हे कोणी विचारलंच नाही. मामांनी मग दुसरीकडे गाडी स्कॅन केली. दोष ऑक्सिजन सेन्सरचा निघाला. सेन्सर बदलला, नवा कन्व्हर्टर बसवला. सेन्सरचा खर्च कन्व्हर्टरच्या मानाने किरकोळ होता, दिवाळीतच बदलला असता तर तेवढ्यावरच भागलं असतं. आणि हो, कन्व्हर्टर काढून गाडी चालवणं कायद्यालाही धरून नाही.

जाता जाता, होस्टेलवाल्यांसाठी

वास आला की चार प्रश्न स्वतःला विचारा. कसला आहे? मागून येतो की बॉनेटकडून? थंड इंजिनला येतो की गरमलाही? सोबत धूर कोणत्या रंगाचा? ही चार उत्तरं घेऊन मिस्त्रीकडे गेलात तर त्याचंही काम सोपं होतं आणि तुमचा खिसाही वाचतो.

चालवणाऱ्याच्या नाकाला रोजच्या वासाची सवय होते, म्हणून मागे बसणारा मित्र तक्रार करत असेल तर त्याचं ऐका.

पीयूसी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेलला धुराचा काळेपणा. गोड वास आणि अंड्याचा वास त्या यंत्राला कळत नाही, तो तुमच्या नाकालाच कळतो. उलट कार्बन मोनॉक्साइड नाकाला कळत नाही, तो त्या यंत्रालाच कळतो. म्हणून दोन्ही लागतात. मशीन न लावता सर्टिफिकेट घेणाऱ्यांनी यावर विचार करावा.

आणि शेवटचं. थंडीत तळमजल्याच्या बंद पार्किंगमध्ये बाइक 'गरम' करत उभे राहणारे आपल्याकडे बरेच आहेत. कृपया बाहेर आणून सुरू करा. वर पहिल्या मजल्यावर आम्ही झोपलेलो असतो.